दोन ठोक्यांची जागा

५ नोव्हेंबर १९९८

डायरीची सवय मोडली होती. आज पुन्हा वही काढली, कारण ज्याच्या नावाने बोटं मोडायची तो मुंबईत आहे, आणि घरात ओरडले तर सासूबाई घाबरतात.

तुळशीची लग्नं उरकली, आमचा सीझन सुरू झाला. आज मखमलाबादला वरात होती. नवरदेवाचा कुणी मावसभाऊ आला आणि म्हणाला, "बँडवाल्या मावशी, ती कॅसेटमधली नवीन हळद वाजवा ना." मी म्हटलं, "बाळा, ती हळद आमचीच. रत्नदीप ब्रास बँडची." तो हसला, मला जीपपाशी घेऊन गेला आणि त्याने टेप लावला.

ही चाल माझ्या माहेरची, कळवणकडची. नवरीला हळद लावताना बायका गातात, कुणी रचली कुणाला ठाऊक नाही. माझ्या हळदीत ह्यांनी ती खिडकीबाहेर उभं राहून ऐकली आणि लग्नानंतर बँडवर बसवली. चालीत एक जागा आहे. दुसऱ्या ओळीच्या शेवटी ट्रम्पेटचा सूर मध्येच तुटतो, रिकाम्या जागेत ढोलाच्या कडेवर दोन ठोके पडतात, टक् टक्, आणि सूर परत उचलतो. त्या दोन ठोक्यांवर अख्खी वरात टाळ्या देते. म्हातारी माणसंसुद्धा. ही जागा ह्यांची. ह्यांना जाऊन येत्या जानेवारीत पाच वर्षं होतील. माणूस गेला, पण ही एवढी जागा दर लग्नात वाजते, म्हणून मी बँड विकला नाही. दीर किती मागे लागले होते.

जीपमधल्या टेपात मशीनचा ढोल, वर एका मुलीचा चिरका आवाज. चाल तीच. आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी, टक् टक्.

मेल्यांनी ठोकेसुद्धा सोडले नाहीत.

८ नोव्हेंबर

मेनरोडला जीवनशेठच्या कॅसेटच्या दुकानात गेले. आमची ‘कळवणची हळद’ गेल्या वर्षी मनमाडच्या स्टुडिओत रेकॉर्ड केली, ती सगळ्यात जास्त त्यांनीच विकली. मुंबईवाल्यांच्या कॅसेटवर ‘संगीत’ म्हणून कुणा भलत्याचंच नाव. कंपनीचं नाव मी इथे लिहिणार नाही, माझी शाई फुकटची नाही.

जीवनशेठ म्हणाले, "वहिनी, लोकगीत आहे ते. लोकांचं. तुम्ही घेतलं, त्यांनीपण घेतलं. गंगेचं पाणी कुणीही भरावं!" मला क्षणभर पटलंसुद्धा. माणूस गोडच. चहा मागवला, आमच्या ट्रम्पेटवाल्या नजीरभाईंची चौकशी केली. "गेल्या वर्षी दिवाळीत तुमच्या कॅसेटी मीच मुंबईला ओळखीच्यांकडे पाठवल्या होत्या, तुमची जाहिरात व्हावी म्हणून," असंही म्हणाले. कोण करतं हल्ली एवढं.

१९ नोव्हेंबर

रजिस्टर पोस्टाने नोटीस आली. इंग्रजीत. शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतली. मला वाटलं, माझं डोकं फिरलं की मास्तरांचं. कंपनी म्हणते, आम्ही त्यांच्या गाण्याची नक्कल करतो! आमची कॅसेट बाजारातून उचलायची, चाल आपली नाही असं लिहून द्यायचं, नाहीतर मुंबईच्या हायकोर्टात खेचू.

चोर तो चोर, वर शिरजोर. सासूबाई म्हणाल्या, "लिहून दे बाई, कोर्टाची पायरी नको." मी म्हटलं, "वत्सलाबाई, तुमच्या लेकाची चाल आहे." सासूला नावाने हाक मारली.

२४ नोव्हेंबर

सीबीएस बसस्टँडजवळ शुभांगी देवरे वकील आहेत. माझ्यापेक्षा लहान, पण बोलणं खणखणीत. नजीरभाईंना बरोबर नेलं होतं. ते आमचे ट्रम्पेटवाले, ह्यांच्या आधीपासून बँडमध्ये. मला भाभी म्हणतात.

वकीलबाईंनी फोड करून सांगितलं. बायकांची जुनी चाल कुणाचीच नाही, म्हणजे सगळ्यांची. ती कुणीही घ्यावी. पण जुन्या चालीवर कुणी स्वतःच्या अकलेने नवं काही बसवलं, तर तेवढं नवं त्याचं. आणि कॅसेट ज्याने काढली, कॅसेट त्याची. "म्हणजे भांडण चालीचं नाही, त्या ठोक्यांच्या जागेचं आहे," त्या म्हणाल्या. "मुंबईवाल्यांना ती जागा बायकांच्या गाण्यात सापडणार नाही. ती फक्त तुमच्या कॅसेटमध्ये आहे. कुणी बसवली?"

मी म्हटलं, "ह्यांनी."

"तुम्ही पाहिलंत बसवताना?"

"ते असताना मी वरातीत कधी गेले नाही. पण आमच्या बँडमध्ये सगळं त्यांचंच आहे. विचारा नजीरभाईंना."

नजीरभाई खिडकीबाहेर बघत होते. "भाभी, जरा पाणी पिऊन येतो," म्हणाले आणि गेले. अर्धा तास पत्ता नाही. शेवटी उतरताना जिन्यात बसलेले सापडले, भिंतीला डोकं टेकून. दोन मजले चढून एवढं काय दमायचं? मी फणकारले. इथे घराला आग लागलीय आणि ह्यांना पाणी प्यायचंय.

ठरलं ते असं. त्यांनी मुंबईला दावा टाकायच्या आत आपण नाशिकला टाकायचा. ज्याची चोरी झाली तो आपल्या गावच्या कोर्टात जाऊ शकतो, कायद्यातच आहे म्हणे. येऊ देत त्यांना इकडे, खड्डे मोजत.

१ डिसेंबर

जीवनशेठ घरी आले. पेढे घेऊन. कंपनीचा निरोप त्यांच्याकडेच कसा आला, विचारायचं राहिलं. सही करून दिली तर पुढच्या कॅसेटच्या कव्हरवर ‘आभार – रत्नदीप ब्रास बँड’ असं छापतील.

आभार! घर फोडायचं आणि जाताना दारावर आभाराची चिठ्ठी लावायची. पेढे परत दिले. सासूबाईंना एक हवा होता, त्यांनी मागून उचलला.

९ डिसेंबर

दावा दाखल केला. प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं की ती जागा माझे पती मोतीराम यांनी १९९०च्या सुमारास बसवली आणि त्यांची वारस मी. सही चांगली ठसठशीत केली. घरी येऊन फोटोला सांगितलं, बघा, तुमचं नाव कोर्टात नेलं.

नजीरभाईंनी साक्षीदार म्हणून सही करायची होती. आले नाहीत. गेणू ढोलवाला म्हणाला, "उस्तादाला बरं नाय बाई." रविवारी कळवणला वरातीत वाजवायला मात्र बरं होतं. तिथेही निम्मी गाणी आवेजला वाजवायला दिली, आवेज म्हणजे त्यांचा पुतण्या. स्वतः फक्त हळद वाजवली.

१६ डिसेंबर

नजीरभाई मेनरोडला जीवनशेठच्या दुकानातून बाहेर पडताना दिसले. मला बघून त्यांनी मान खाली घातली. इतकी वर्षं ज्याच्या ताटात जेवले त्याच्या बायकोशी असं? मी काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर तोंडातून काय गेलं असतं, देव जाणे.

२ जानेवारी १९९९

पौष आणि रमजान यंदा एकत्र आलेत. लग्नं नाहीत, नजीरभाईंचे रोजे. बँडची वाद्यं शेडमध्ये, मी घरात. दोघेही धूळ खातोय.

१४ जानेवारी

संक्रांतीचं गोड काही बोलायला सुचत नाही.

कंपनीचं उत्तर आलं. वकीलबाईंनी बोलावून घेतलं, आधी बसायला सांगितलं. कायदा बदलला मे १९९५मध्ये. त्याआधी संगीत कागदावर लिहिलेलं असेल तरच कायदा ते ओळखायचा. नुसतं वाजवलं तर हवेत गेलं. कंपनीचा वकील म्हणतो, मोतीराम जानेवारी १९९४ला वारले. त्यांनी काही बसवलं असेल तर ते त्याआधी. मग दाखवा लिहिलेलं.

आमच्या बँडमध्ये कोण लिहितं? उस्ताद तोंडाने म्हणतो, बाकीचे उचलतात. ह्यांना किराण्याची यादीसुद्धा मी लिहून द्यायचे.

"म्हणजे मी सही केली तिथेच आपण हरलो?" विचारलं. वकीलबाई म्हणाल्या, "हरलो नाही. पण अवघड आहे. ही जागा ९५नंतरची असती तर गोष्ट वेगळी होती." ती कशी असेल ९५नंतरची. मी रडले नाही. खाली उतरून रसवंतीवर दोन ग्लास रस प्यायले आणि तिथे रडले. रसवाला बर्फ जास्त पडला का विचारत होता.

२० जानेवारी

ईद. राग गिळून नजीरभाईंकडे गेले, दरवर्षी जाते. त्यांची लेक रेहाना माहेरी आलीय, तिने शीरखुर्मा दिला. फळीवर दम्याचा पंप दिसला. रेहानाच्या सासूला दमा आहे, त्यांचाच विसरला असेल.

नजीरभाई म्हणाले, "भाभी, केस मागे घ्या ना. मी जीवनशेठला जाऊन सांगून आलो, बाईंना त्रास देऊ नका म्हणून." म्हणजे त्यासाठी गेले होते! मी म्हटलं, "मागे घ्यायला मी काय चोरी केलीय? घेणार नाही." ते हसले, मग खोकला लागला. शीरखुर्म्यात चारोळी घशाला लागते खरी.

६ फेब्रुवारी

आज शेडमध्ये जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

माघातल्या लग्नांची तालीम होती. मी सगळ्यांना सांगितलं की केस बहुतेक जाणार, ह्यांनी लिहून ठेवलं नाही म्हणून. गेणूने काठी खाली ठेवली. म्हणाला, "उस्ताद, सांगा आता. नायतर मी सांगतो."

नजीरभाई म्हणाले, "गप बस."

"नाय बसत. बाई, ते ठोके मालकाचे नाय. म्या मारले. उस्तादाचा दम तुटला नामपूरच्या वरातीत. सूर मधीच पडला. लोक हसतील म्हणून म्या कडेवर दोन ठोकले. लोकं टाळ्या वाजवाया लागले."

कधी, मी विचारलं.

"मालक गेल्यावर. ९५च्या दिवाळीनंतरचा सीझन," नजीरभाई म्हणाले. "मालकाच्या चालीत मी भोक पाडलं भाभी. ह्याने ठिगळ लावलं. दुसऱ्या दिवशी पण दम तिथेच तुटला, तिसऱ्या दिवशी पण. मग तेच पक्कं झालं. तुम्ही ९६ला बँड हातात घेतला, पहिल्याच वरातीत ऐकून म्हणालात, ह्यांनी काय जागा काढलीय. तुम्ही रडत होता. मग कोण सांगणार? आणि बँडमध्ये जे बनतं ते मालकाचंच म्हणतात, रीतच आहे."

मी ओरडले. काय ओरडले ते लिहिणार नाही. चोर मुंबईत नाहीत, शेडमध्ये आहेत, असंही म्हणाले. नजीरभाई उभं राहून ऐकत होते. मग खाली बसले.

९ फेब्रुवारी

जेवण जात नाही. एकदा विधवा झाले होते, आता पुन्हा झाल्यासारखं वाटतं. तीन वर्षं ज्या टाळ्यांवर जगले, त्या ह्यांना नव्हत्याच.

सासूबाईंना सांगितलं. वाटलं, रडतील. त्या लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "मोत्या कुठं थांबायचा गं? जेवतानासुद्धा तोंड चालू. त्याच्या वाजवण्यात जागा कुठली? मला तर ती ऐकून नवल वाटायचं, पोरगं मेल्यावर शहाणं झालं की काय."

हसू आलं. हसता हसता जे व्हायचं ते झालं. सासूबाईंनी लसणाच्याच हाताने डोळे पुसले, मग दोघींचे डोळे झोंबले.

१० फेब्रुवारी

वकीलबाईंकडे गेले. प्रतिज्ञापत्रातून ह्यांचं नाव काढा म्हटलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, "बघता काय, ९५नंतरची जागा मागत होता ना? घ्या. नजीर आणि गेणू. त्यांची जागा, त्यांचं नाव." दावा दुरुस्त करता येतो म्हणे, पण आधी खोटं का लिहिलं ते कोर्ट विचारणार. विचारू दे. खोटं नव्हतं लिहिलं, चुकीचं लिहिलं होतं. बायकोनं नवऱ्याचं कौतुक जास्त केलं, एवढाच गुन्हा.

कॅसेट तेवढी माझी राहील, ती मी काढली म्हणून. जागा त्यांची. बायकांची चाल कुणाचीच नाही, पण ती कुणी खिडकीबाहेर उभं राहून ऐकली होती हे मला माहीत आहे. ते कोर्टाला सांगायचं कारण नाही.

मग नजीरभाईंकडे गेले. बाहेरूनच म्हटलं, "सही करायला या. आणि कोर्टात तोंडाने सांगावं लागेल, दम तुटतो म्हणून. गावभर होईल. उद्या गिऱ्हाईक म्हणेल दुसरा ट्रम्पेटवाला आणा. विचार करा."

ते म्हणाले, "इतके दिवस त्याचाच विचार करत होतो भाभी. ट्रम्पेटवाल्याची इज्जत म्हणजे दम. पण त्या लोकांनी माझा तुटलेला दम चोरला, आणि वर त्यांचा म्हणून विकतायत. आता गप्प बसलो तर दमही गेला नि इज्जतही."

पंप रेहानाच्या सासूचा नव्हता. मी किती मठ्ठ आहे.

१० मार्च

कोर्ट. कंपनीचे दोन वकील, शिवाय कव्हरवर ज्याचं नाव आहे तो संगीतकार, पांढऱ्या बुटांत. आमच्याकडून वकीलबाई, मी, नजीरभाई, गेणू. गेणूने नवा सदरा घातला होता, घडीच्या रेघा तशाच.

जज्जसाहेबांनी दोन्ही कॅसेट चेंबरमध्ये ऐकल्या. त्यांचा वकील म्हणाला, ही माणसं स्वतःच सांगतात की श्वास अडला. अपघाताला कुणी रचना म्हणतं का? मला तर मुद्दा बरोबर वाटला.

जज्जसाहेबांनी पांढऱ्या बुटांना विचारलं, "तुमच्या गाण्यात सूर इथे का थांबतो?"

तो म्हणाला, "फील आहे सर."

"ट्रम्पेट नाही तुमच्या गाण्यात. मुलगी गातेय. तिचा शब्दसुद्धा अर्धा तुटलाय. शब्द तोडून फील?"

तो वकिलाकडे बघायला लागला. मग नजीरभाईंना विचारलं. ते उभे राहिले, हात टेबलावर टेकून. "साहेब, दम तुटला तो अपघातच. खरं आहे. त्याचं मी काही मागत नाही. पण पहिल्या दिवशी तुटला तो अपघात. दुसऱ्या दिवसापासून आम्ही तो तिथेच तोडायचं ठरवलं. थोडा दम उरला असला तरी तोडतो. कारण हा गेणू तिथे वाट बघत असतो."

गेणूने मान हलवली. त्याला विचारलंही नव्हतं.

हुकूम लगेच दिला नाही. परत येताना नजीरभाई जिन्यात थांबले. मी पण थांबले, कारण न विचारता.

१७ मार्च

हुकूम झाला. दाव्याचा निकाल लागेपर्यंत कंपनीने ती कॅसेट नव्याने काढायची नाही, आणि आम्हाला धमकावायचं नाही. आमची कॅसेट चालू. निकालाला वर्षं लागतील, वकीलबाईंनी आधीच सांगून ठेवलंय. लागू देत. मी कुठे जातेय.

जीवनशेठचं दुकान ओलांडून गेले. त्यांनी हात केला. त्या दिवाळीत त्यांनी पाठवलेल्या कॅसेटी मुंबईत कुणाकडे गेल्या, ते आता कुठे डोक्यात शिरलं. परत वळून गेले, आमच्या उरलेल्या सगळ्या कॅसेटी मोजून पिशवीत भरल्या आणि म्हटलं, "जाहिरात पुरे झाली."

२ एप्रिल

पेपरात बातमी आली, ‘दम तुटला, पण दावा टिकला’. झालं. सिन्नरच्या पाटलांचा माणूस आला, "बाई, बँड तुमचाच, पण ट्रम्पेटला तरणा माणूस द्या. म्हाताऱ्याला वरातीत काही झालं तर अपशकुन." आमचं सगळ्यात मोठं लग्न होतं ते. मी म्हटलं, "बँड मिळणार नाही. डीजे लावा." विसार परत दिला. सासूबाई आतून म्हणाल्या, "बरं केलंस." हे मात्र अनपेक्षित होतं.

१८ एप्रिल

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. नामपूरला लग्न, गेणूच्या भाचीचं. कांद्याच्या मार्केटजवळ दोन वराती समोरासमोर आल्या. पलीकडच्या बँडकडे कीबोर्ड, मोठे कर्णे. त्यांनी मुद्दाम मुंबईवाल्यांची हळद लावली. टक् टक्. त्यांच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या.

नजीरभाईंनी आवेजला बाजूला केलं आणि पुढे झाले. मला बघवेना, पण बघितलं. पहिली ओळ गेली. दुसरी ओळ अर्ध्यावरच तुटली, नेहमीच्या खूप आधी. गेणूने दोन ठोके मारले. ट्रम्पेट उचललंच नाही. नजीरभाई वाकलेले, खांदे वरखाली. कुणीतरी हसलं. गेणूने त्यांच्याकडे पाहिलं आणि आणखी दोन ठोके मारले, सावकाश. ट्रम्पेट तरी खालीच. मग माझे हात आपसूक वर गेले. मी टाळी दिली. मग नवरीच्या आत्या, मग हळदीच्या बायका. अख्खी वरात त्या रिकाम्या जागेत नुसत्या टाळ्या वाजवत उभी होती, आणि पलीकडचं मशीन आपलं दोन ठोके टाकून पुढे पळून गेलं होतं.

मग सूर आला. बारीक होता, पण आला.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "नजीरभाई, उद्यापासून ही जागा एवढीच मोठी ठेवायची का?" ते म्हणाले, "उद्या अजून मोठी लागेल भाभी." गेणू ढोलाचे दोर सैल करत होता, त्याने वर पाहिलं नाही.

लागू दे. जेवढी लागेल तेवढी आम्ही टाळ्यांनी भरू. आता करा म्हणावं नक्कल.